फेसलिफ्टची भूल: लोकल, जनरल आणि मधली गुंगी

चेहऱ्याची सैल पडलेली त्वचा ताणून घेण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे फेसलिफ्टसाठी, प्लास्टिक सर्जनकडे जाणारी व्यक्ती बहुधा दोन प्रश्न आधी विचारते: खर्च किती येईल, आणि ‘लोकलमध्ये होईल की जनरल लागेल?’, म्हणजे तेवढाच भाग बधिर करून भागेल की पूर्ण भूल द्यावी लागेल. दुसऱ्या प्रश्नामागे एक ठाम समजूत असते. लोकल म्हणजे किरकोळ आणि सुरक्षित, जनरल म्हणजे मोठे आणि जोखमीचे. दाढ काढणे, मोतीबिंदू काढणे ही कामे लोकलमध्ये झालेली आपण पाहिलेली असतात, तर ‘पूर्ण भूल दिली आणि शुद्धीवरच आले नाहीत’ अशी एखादी ऐकीव हकीकत बहुतेक घरांत फिरत असते. फेसलिफ्टच्या बाबतीत ही विभागणी फारशी उपयोगी पडत नाही, कारण या शस्त्रक्रियेत लोकलचे इंजेक्शन जवळजवळ प्रत्येकालाच दिले जाते, पूर्ण भूल दिलेल्या रुग्णालासुद्धा. ठरवायचे असते ते त्या इंजेक्शनच्या जोडीला झोप द्यायची का, दिली तर किती खोल, आणि त्या झोपेत रुग्णाच्या श्वासाची राखण कोणी करायची.

आधी शस्त्रक्रियेचा आवाका समजून घ्यावा लागतो, कारण भुलीचा निर्णय पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून असतो. फेसलिफ्टचा छेद साधारणपणे कानशिलाजवळच्या केसांतून निघतो, कानासमोरून खाली उतरतो, पाळीला वळसा घालतो आणि कानामागून पुन्हा केसांत शिरतो. त्या वाटेने गालाची आणि मानेची त्वचा खालच्या थरापासून सोडवून उचलली जाते. पूर्वी एवढे करून त्वचा ताणत आणि जादा झालेला भाग कापून टाकत; त्याचा परिणाम फार टिकत नसे. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी त्वचेखालच्या चरबीच्याही खाली असलेल्या, चेहऱ्याच्या स्नायूंशी जोडलेल्या एका पातळ पण चिवट पडद्याचे वर्णन केले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘स्मास’ म्हणतात. आजच्या बहुतेक पद्धतींत ताण त्वचेवर न घेता या पडद्यावर घेतला जातो: कोणी तो दुमडून टाके घालतो, कोणी त्याची एक पट्टी काढून कडा जोडतो, तर ‘डीप प्लेन’ पद्धतीत त्याच्याखाली शिरून पडदा आणि त्वचा एकत्रच उचलतात. जसजसे खोल जावे तसतशी चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस, म्हणजे फेशियल नर्व्ह, जवळ येते. गालाचा खालचा भाग तेवढा आवळणारी छोटी शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत आटोपते. गाल, जबड्याची कड आणि मान यांच्या पूर्ण कामाला तीन ते पाच तास लागतात, आणि त्याला पापण्या किंवा भुवया जोडल्या तर त्याहून अधिक.

(कमरेत इंजेक्शन देऊन हे होणार नाही का, असेही काही जण विचारतात. होणार नाही. चेहऱ्याची संवेदना मुख्यतः थेट मेंदूतून निघणाऱ्या नसांमधून जाते, त्यामुळे पाठीच्या कण्यातून दिलेली भूल तिथे पोहोचत नाही.)

इंजेक्शन सगळ्यांनाच

लोकलचे हे औषध म्हणजे बहुतेक वेळा लिग्नोकेन, ज्याला आपल्याकडे सर्रास झायलोकेन म्हणतात, आणि त्यात अगदी थोडे अ‍ॅड्रिनलीन. लिग्नोकेन नसांमधून जाणारा वेदनेचा संदेश अडवते. अ‍ॅड्रिनलीन त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकते. त्यामुळे रक्त कमी वाहते आणि लिग्नोकेन लवकर शोषले न जाता तिथेच अधिक काळ टिकते. चेहऱ्याचा रक्तपुरवठा किती भरघोस असतो याची कल्पना दाढी करताना लागलेला बारीकसा काप किती वेळ वाहत राहतो, यावरून येते. शिवाय पातळ केलेले द्रावण भरपूर प्रमाणात टोचले की त्वचेचे थर फुगून एकमेकांपासून सुटे होतात आणि सर्जनला योग्य थरातून जाणे सोपे पडते. रक्तस्राव आणि थर ही दोन्ही कारणे रुग्ण जागा असो वा झोपलेला असो, सारखीच लागू होतात. म्हणून पूर्ण भूल दिलेल्या रुग्णालाही हे इंजेक्शन चुकत नाही. ते दिल्यावर किमान दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते, कारण अ‍ॅड्रिनलीनचा पुरता परिणाम लगेच होत नाही.

या औषधाला एक मर्यादा आहे, आणि ‘फक्त लोकल’ हा पर्याय किती दूर नेता येतो हे त्या मर्यादेने ठरते. अ‍ॅड्रिनलीनसह दिलेल्या लिग्नोकेनची रूढ कमाल मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम इतकी धरली जाते. अ‍ॅड्रिनलीन नसेल तर साधारण ४.५ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला जास्तीत जास्त ४२० मिलिग्रॅम. नेहमीच्या २ टक्के औषधात प्रत्येक मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते, तेव्हा २१ मिलिलिटरमध्येच ही मर्यादा गाठली जाते, आणि दोन्ही गाल व मान यांना तेवढे द्रावण मुळीच पुरत नाही. तेच औषध ०.५ टक्क्यापर्यंत पातळ केले तर ८४ मिलिलिटर मिळते, आणि नेटके नियोजन केले तर त्यात भागते. चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेत अतिशय पातळ द्रावणातून दर किलोला ३५ मिलिग्रॅमपर्यंत लिग्नोकेन दिले जाते, हे खरे आहे. परंतु पोटा-मांड्यांवरच्या चरबीतून ते फार सावकाश शोषले जाते, आणि चेहऱ्याच्या रक्ताळ भागाला तो हिशेब जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरते. मात्रा ओलांडली गेली किंवा औषध चुकून थेट रक्तवाहिनीत गेले, तर ओठांभोवती मुंग्या येतात, जिभेवर धातूसारखी चव येते, कानांत गुणगुणते. पुढे आकडी येऊ शकते आणि हृदयाची लय बिघडू शकते. त्यावर शिरेतून देण्याचे २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे दुधासारखे द्रावण, हा उपचार आहे, आणि ती बाटली गावातल्या औषधाच्या दुकानात असून उपयोग नाही, ती त्याच ऑपरेशन थिएटरमध्ये असावी लागते. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: जागा असलेला रुग्ण ‘तोंडाला मुंग्या येताहेत’ असे स्वतः सांगू शकतो, झोपलेला सांगू शकत नाही. म्हणजे औषधाच्या विषबाधेची पहिली सूचना पूर्ण भुलीत झाकली जाते.

जागेपणी

चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया जागेपणी करण्याचा इतिहास आपल्या समजुतीपेक्षा जुना आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एका कावसजी नावाच्या गाडीवानाची हकीकत छापून आली, त्याचे कापलेले नाक पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेचा तुकडा खाली वळवून नव्याने घडवले गेले होते. तेव्हा भूल अशी काही वस्तूच नव्हती, कारण ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टनमध्ये झाला तो १८४६ साली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस लोकलची औषधे हाताशी आली, आणि पॅरिसमध्ये सुझान नोएल ही शल्यविशारद चेहऱ्याच्या छोट्या शस्त्रक्रिया लोकलमध्ये करून रुग्णांना त्याच दिवशी घरी पाठवू लागली. मात्र तिचे छेद लहान होते आणि ताणली जात होती ती फक्त त्वचा. ‘पूर्वी तर सगळे लोकलमध्येच होत असे’ हा दाखला देताना हा फरक विसरला जातो.

आजही छोटी, मर्यादित शस्त्रक्रिया केवळ लोकलमध्ये उत्तम होते, आणि काही अनुभवी सर्जन पूर्ण चेहऱ्याचे खोल कामसुद्धा त्यात करतात. रुग्ण स्वतः श्वास घेत असतो, घशात नळी नसते, उठल्यावर मळमळ जवळपास नसते, आणि तासा-दोन तासांत घरी जाता येते. सोसावे लागते ते असे. सुरुवातीच्या अनेक टोचण्या जाणवतात. औषधात थोडा सोडा-बायकार्बोनेट मिसळला तर त्यांची आग कमी होते. त्यानंतर दुखत नाही, पण ओढल्याचे, दाबल्याचे कळते, आणि कात्री अगदी कानाजवळ चालत असल्याने तिचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. अनेकांना दुखण्यापेक्षा हा आवाजच नकोसा वाटतो. दोन-तीन तास मान सर्जन वळवील तिकडे ठेवून निश्चल पडून राहावे लागते. मानेच्या मणक्याचा त्रास, जुनाट खोकला किंवा वरचेवर लघवीला जावे लागण्याची तक्रार असेल तर ते अवघड होते. भीतीने शरीर स्वतःचे अ‍ॅड्रिनलीन सोडते, त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो, आणि रक्तदाब वाढला की रक्त अधिक वाहते. म्हणून ‘मी जागी राहीन, मला चालेल’ असे धीराने सांगणाऱ्या पण सुई पाहताच घामाघूम होणाऱ्या व्यक्तीसाठी केवळ लोकल हा सुरक्षित पर्याय असतोच असे नाही.

आणखी एक बारकावा आधी सांगितलेला बरा असतो. लोकलचे औषध फेशियल नर्व्हच्या फांद्यांपर्यंत पसरले तर काही तास तोंडाची एक बाजू वाकडी दिसू शकते. औषध उतरल्यावर ते पूर्ववत होते, परंतु घरच्या मंडळींना आधी सांगितले नसेल तर ‘लकवा मारला’ म्हणून धावपळ उडते.

पूर्ण भूल

जनरल म्हणजे शिरेतून आणि बहुधा श्वासावाटे औषधे देऊन आणलेली संपूर्ण बेशुद्धी. या अवस्थेत घशाचे स्नायू सैल पडतात, म्हणून श्वासनलिकेत नळी घातली जाते किंवा स्वरयंत्रावर टोपीसारखा बसणारा मऊ मास्क बसवला जातो. फेसलिफ्टमध्ये ही नळी एक पेच निर्माण करते: नेहमीप्रमाणे ती गालांवर चिकटपट्ट्या लावून बसवली तर चेहरा ओढला जातो आणि सर्जनला दोन्ही बाजू सारख्या करता येत नाहीत. म्हणून ती अनेकदा दाताला धाग्याने बांधली जाते. स्नायू शिथिल करणारे औषधही नळी घालण्यापुरतेच दिले जाते आणि पुढे उतरू दिले जाते, कारण नसेच्या जवळ काम करताना तिला धक्का लागला तर ओठ किंवा भुवई फडफडते, आणि ती फडफड सर्जनला सावध करते; स्नायू पूर्ण सैल असतील तर ही खूण मिळत नाही.

पूर्ण भुलीची भीती बरीचशी जुन्या काळातून आलेली आहे. वैद्यकीय सोयी चांगल्या असलेल्या देशांत, अन्यथा निरोगी माणसाचा निव्वळ भुलीमुळे मृत्यू होण्याची शक्यता साधारण एक लाखात एक किंवा त्याहून कमी सांगितली जाते. रोजच्या व्यवहारातले तोटे वेगळे आहेत. घसा एक-दोन दिवस खवखवतो. मळमळ आणि उलटी होते, आणि ती कोणाला होईल याचा अंदाज बऱ्यापैकी करता येतो: स्त्री असणे, धूम्रपान न करणे, गाडी लागण्याची सवय किंवा पूर्वी भुलीनंतर उलट्या झालेल्या असणे, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामके लागणे, या चार गोष्टींपैकी जितक्या अधिक, तितकी शक्यता जास्त. फेसलिफ्टला येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असल्याने हा मुद्दा दुय्यम नाही. यावर ऑन्डॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन ही औषधे आधीच दिली जातात, आणि वायूऐवजी संपूर्ण भूल प्रोपोफॉल या झोप आणणाऱ्या औषधाच्या शिरेतील धारेवर ठेवली तर मळमळ आणखी कमी होते.

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही इथे विचारात घ्यावा लागतो. २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १०,००० फेसलिफ्टचा आढावा घेणाऱ्या पाहणीत असे होण्याचे प्रमाण ०.३५ टक्के आढळले, आणि त्यातली बहुसंख्य प्रकरणे पूर्ण भूल दिलेल्यांची होती. त्यावरून सगळा दोष भुलीवर टाकता येत नाही, कारण लांबलचक शस्त्रक्रियांनाच पूर्ण भूल अधिक दिली जाते आणि नुसते तासन्‌तास पडून राहणेही गुठळीला कारण होते. पोटऱ्यांना आळीपाळीने दाब देणारे पंप लावणे आणि त्याच संध्याकाळी रुग्णाला चालवणे हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

मधली गुंगी

जाहिरातींत ‘पूर्ण भूल न देता’ म्हणून जे मांडले जाते ते पुष्कळदा केवळ लोकल नसते. लोकलच्या जोडीला शिरेतून गुंगीचे औषध दिलेले असते. माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमज याच पर्यायाविषयी आहेत, आणि रुग्णाने सर्वांत जास्त चौकशीही इथेच करावी.

गुंगी ही एक पायरी नसून उतरण आहे. वरच्या टोकाला रुग्ण शांत पण बोलता असतो. थोडे खाली गेले की पेंगतो, हाक मारली तर डोळे उघडतो. आणखी खाली दुखावल्याशिवाय प्रतिसाद देत नाही, आणि त्याही खाली पूर्ण भूलच असते. मिडाझोलाम, फेन्टानिल, प्रोपोफॉल, डेक्समेडेटोमिडीन ही औषधे कमीअधिक मात्रेत देऊन रुग्णाला या उतरणीवर हव्या त्या जागी धरून ठेवायचे असते, आणि तीच मात्रा एकाला नुसती पेंग आणते तर दुसऱ्याचा श्वास मंदावते. मिडाझोलाम आणि फेन्टानिल यांचा परिणाम उलटवणारी औषधे आहेत. प्रोपोफॉलला तसा उतारा नाही, ते उतरेपर्यंत श्वास सांभाळणारा माणूसच हवा. डेक्समेडेटोमिडीन श्वास फारसा दाबत नाही आणि रक्तदाब व नाडीही खाली ठेवते, म्हणून फेसलिफ्टसाठी अनेक भूलतज्ज्ञांना ते आवडते; मात्र नाडी फार मंद होणार नाही ना, याकडे लक्ष ठेवावे लागते.

पूर्ण भुलीत श्वासाची वाट नळीने बांधून घेतलेली असते. गुंगीत ती मोकळी असते, आणि तिच्यावरच सर्जनचे काम चाललेले असते. चेहरा निर्जंतुक कापडांनी वेढलेला, मान एका बाजूला वळवलेली, आणि भूलतज्ज्ञ डोक्यापासून दूर, कडेला बसलेला. श्वास अडला तर त्याला कापडे बाजूला सारून पुढे यावे लागते. म्हणून बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा पुरत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्रही लावलेले असावे, कारण ऑक्सिजनचा आकडा घसरण्याच्या पुष्कळ आधी श्वास थांबल्याचे ते दाखवते. अमेरिकेतील विनोदी कलाकार जोन रिव्हर्स यांचा २०१४ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी मृत्यू झाला, तो न्यूयॉर्कमध्ये प्रोपोफॉलच्या गुंगीत घशाची आणि जठराची दुर्बिणीने तपासणी करताना श्वास आणि ऑक्सिजन कमी पडून. ती फेसलिफ्ट नव्हती आणि पूर्ण भूलही नव्हती, तरीही श्वासाच्या वाटेवरच काम चालू असताना दिलेली गुंगी किती नाजूक असते हे त्यातून दिसते.

दुसरा धोका आगीचा आहे. ऐकायला तो अतिशयोक्त वाटतो, पण शस्त्रक्रियागृहातल्या आगींमध्ये चेहऱ्यावरच्या, गुंगीत केलेल्या शस्त्रक्रियांचा वाटा मोठा असतो. नाकाशी लावलेल्या नळीतून सुटणारा ऑक्सिजन कापडांखाली साचतो, जवळच रक्त थांबवण्यासाठी ठिणगी देणारी कॉटरी चालू असते, आणि स्पिरिटयुक्त जंतुनाशक किंवा केस ही जळाऊ वस्तूही तिथेच असते. यावर उपाय साधे पण शिस्तीचे आहेत: स्पिरिट पूर्ण वाळू देणे, ऑक्सिजन लागेल तेवढाच देणे, आणि कॉटरी वापरण्यापूर्वी सर्जनने भूलतज्ज्ञाला तसे मोठ्याने सांगून ऑक्सिजन थांबवणे. बंद नळीतून ऑक्सिजन जात असलेल्या पूर्ण भुलीत हा धोका बराच कमी असतो.

तिसरी गोष्ट अपेक्षेची. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत पूर्ण भुलीत असताना जाग आल्याची तक्रार साधारण १९,००० मागे एका रुग्णाने केली होती. पण त्याच पाहणीत गुंगी दिलेल्या रुग्णांच्याही तक्रारी आल्या, आणि त्यांच्या बाबतीत औषध चुकले नव्हते: त्यांना पूर्ण झोप मिळेल असे वाटले होते, आणि गुंगीत अधूनमधून ऐकू येणे, जाणवणे स्वाभाविक आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ‘तुम्हाला काही कळणार नाही’ असे आश्वासन गुंगीबाबत कोणी देत असेल, तर एक तर गुंगी ठरल्यापेक्षा खोल जाणार आहे किंवा आश्वासन खरे ठरणार नाही.

रक्त साचणे आणि रक्तदाब

फेसलिफ्टनंतरची सर्वांत नेहमीची गुंतागुंत म्हणजे उचललेल्या त्वचेखाली रक्त साचणे. वेगवेगळ्या नोंदींत तिचे प्रमाण साधारण एक ते आठ टक्क्यांच्या दरम्यान येते, आणि पुरुषांत ते जास्त असते, कारण दाढीच्या केसांमुळे त्यांच्या गालाचा रक्तपुरवठा अधिक असतो. साचलेले रक्त वेळेत काढले नाही तर वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. हे बहुधा पहिल्या चोवीस तासांत होते, आणि त्यामागे वाढलेला रक्तदाब हे मोठे कारण असते.

भुलीची निवड इथे थेट संबंधित ठरते. पूर्ण भुलीतून उठताना नळीमुळे खोकला आला, ओकारी आली, रुग्ण तळमळला, तर चेहऱ्याच्या शिरांतला दाब एकदम वाढतो. कुशल भूलतज्ज्ञ हे टाळण्यासाठी नळी काढण्याची वेळ आणि औषधे फार काळजीपूर्वक जुळवतो. गुंगीत किंवा लोकलमध्ये हा उठण्याचा क्षण सौम्य असतो. मात्र भीतीने चढलेला किंवा लघवी तुंबल्यामुळे वाढलेला रक्तदाब तिथे तेवढाच त्रासदायक. आणखी एक फसवी बाब अशी की शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब मुद्दाम खाली ठेवला आणि वर अ‍ॅड्रिनलीनने रक्तवाहिन्या आकसलेल्या असल्या की सगळे कोरडे दिसते. चार तासांनी दोन्ही परिणाम ओसरले की ज्या वाहिन्या बंद केल्याच नव्हत्या त्या वाहू लागतात. म्हणून टाके घालण्यापूर्वी रक्तदाब नेहमीच्या पातळीवर आणून पाहणारे सर्जन असतात. अलीकडे इंजेक्शनच्या द्रावणात ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध मिसळण्याची पद्धतही रूढ होत आहे. तिन्ही पर्यायांत रक्त साचण्याचे प्रमाण किती राहील, हे भुलीच्या नावापेक्षा रक्तदाब सांभाळण्यावर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे.

निवड करताना

रुग्णाच्या शरीराकडे पाहिले की काही उत्तरे आपोआप मिळतात. जोरात घोरणारी, झोपेत श्वास अडणारी, जाड मानेची व्यक्ती खोल गुंगीसाठी चांगली उमेदवार नसते. तिच्यासाठी एक तर जागेपणीची शस्त्रक्रिया किंवा नळीसह पूर्ण भूल अधिक सुरक्षित, मधला मार्ग सर्वांत वाईट. वर्षानुवर्षे सुपारी किंवा गुटखा खाल्ल्याने तोंड पुरते उघडत नसेल, आणि आपल्याकडे असे रुग्ण थोडे नाहीत, तर श्वासनलिकेत नळी घालणे कठीण होते. भूलतज्ज्ञाला हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधीच्या तपासणीत कळले पाहिजे. वजन किंवा साखर कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने घेणाऱ्यांचे पोट सावकाश रिकामे होते, त्यामुळे नेहमीचा सहा तासांचा उपास पुरत नाही असे होऊ शकते. बरेच वजन उतरवल्यावर चेहरा सुटला म्हणूनच अनेक जण फेसलिफ्टकडे वळतात, तेव्हा हे इंजेक्शन लपवण्यात अर्थ नाही. पासष्टीच्या पुढे गुंगीची औषधे, विशेषतः मिडाझोलाम, काही तास ते दिवस गोंधळलेपणा आणू शकतात. ‘आजीला पूर्ण भूल नको, गुंगीच द्या’ या आग्रहाने तो टळतोच असे नाही. तंबाखू, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, या सगळ्याची यादी डॉक्टरांना द्यावी.

मग साधारण चित्र असे उभे राहते. छोटी शस्त्रक्रिया, शांत स्वभाव, निरोगी शरीर असेल तर केवळ लोकल, फार तर एखादी सौम्य गोळी. तीन तासांपर्यंतचे काम, सडपातळ मान, घोरणे नाही, आणि स्वतंत्र भूलतज्ज्ञ हजर असेल तर लोकल आणि हलकी गुंगी. चार-पाच तासांचे चेहरा-मान-पापण्यांचे एकत्र काम, किंवा अतिशय घाबरट रुग्ण, किंवा झोपेत श्वास अडणारा रुग्ण असेल तर पूर्ण भूल. या चौकटीला अपवाद अनेक आहेत, आणि सर्वांत मोठा अपवाद सर्जनच्या सवयीचा: ज्या चमूचा हात एका पद्धतीत बसला आहे, तिला रुग्णाच्या आग्रहाखातर दुसऱ्या पद्धतीत ओढणे फारसे शहाणपणाचे नाही. तसा आग्रह असेलच तर त्या पद्धतीत नेहमी काम करणारा सर्जन शोधावा.

जागा आणि माणसे यांची चौकशी भुलीच्या प्रकाराइतकीच महत्त्वाची आहे. गुंगी देणारा स्वतंत्र भूलतज्ज्ञ आहे की सर्जनच एका हाताने शस्त्रक्रिया आणि तोंडाने ‘अजून एक सीसी द्या’ असे करणार आहे, हे विचारायला संकोच बाळगू नये. काही ठिकाणी ‘लोकल’चा आग्रह रुग्णाच्या हितासाठी नसून भूलतज्ज्ञाचे मानधन आणि सुसज्ज थिएटरचा खर्च वाचवण्यासाठी असतो. आपल्याकडे आरोग्यविमा सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया भरून देत नाही, सगळा खर्च खिशातून जातो, त्यामुळे स्वस्त आकड्याचा मोह रुग्णालाही पडतो.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आणखी एक वाक्य शोधावे: लोकल किंवा गुंगी पुरली नाही तर काय करायचे. एका गालाचे काम झाल्यावर रुग्णाला सोसेनासे झाले, तर शस्त्रक्रिया अर्धवट थांबवता येत नाही. मग पूर्ण भूल द्यावी लागते. त्या बदलाला संमती आधीच, पूर्ण शुद्धीत असताना आणि समजून घेऊन दिलेली असावी, कारण गुंगीत घेतलेली मान्यता ही संमती होत नाही. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला आपोआप लागू होत नाही, असे स्पष्ट केले आहे. अर्थात याचा दुसरा अर्थ असाही की ‘जनरल देऊ शकतील’ हे वाचून लोकलवाल्या रुग्णानेही उपास पाळायचा असतो: सहा तास अन्न नाही, दोन तास पाणीही नाही.

पद्धत कोणतीही असो, पहिली रात्र सारखीच जाते. डोक्याखाली उशा रचून उंच निजायचे, वाकायचे नाही, रक्तदाबाची रोजची गोळी सांगितल्याप्रमाणे घ्यायची, आणि सोबतीला एक जागे राहू शकणारे माणूस ठेवायचे. एकाच बाजूला एकाएकी वाढणारे दुखणे आणि त्या बाजूचा गाल दगडासारखा घट्ट, ताणलेला लागणे, ही रक्त साचल्याची खूण असते. तेव्हा वेदनाशामक देऊन सकाळची वाट न पाहता सर्जनला त्याच वेळी फोन करायचा असतो.